भोंग्याखालचा बोल्ट

वडवणीत गाडीच्या डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागला, की त्यावर दोन इलाज आहेत. पहिला काळ्या टेपचा. दिव्यावर टेप चिकटवली की दिवा दिसत नाही, दिवा दिसला नाही की बिघाड नाही, आणि बिघाडच नाही म्हटल्यावर मालक मोकळा. दुसरा इलाज रहीमचाचाचा. त्याला अर्धा दिवस लागतो, उन्हात उभं राहावं लागतं आणि वरून चाचाची बोलणी खावी लागतात. त्यामुळे गावातल्या निम्म्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर काळे चौकोन आहेत आणि सगळ्या गाड्या अगदी ठणठणीत आहेत.

रहीमचाचा म्हणजे रहीम शेख, गाड्यांचा वायरमन. बीड रोडला, बाजारतळाच्या कडेला त्याचं पत्र्याचं शेड आहे. साठीला टेकलेला काटकुळा माणूस. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथं तांब्याची तार गुंडाळलेली. जगाच्या गाड्या नीट करताना स्वतःचा चष्मा नीट करायला त्याला सात वर्षांत सवड झालेली नाही. गाडी आली की आधी हातातलं घड्याळ काढून खिळ्याला अडकवायचं, कारण बॅटरीजवळ मनगटावर लोखंड नको. मग मालकाकडे न बघता विचारायचं, “बाहेरून काय काय लावलंय?” मालक म्हणणार, “काईच न्हाई, कंपनीचीच हाय सगळी.” चाचा बोनेट उघडणार. आत भोंग्याची तार, साऊंडची तार, पिवळ्या लाइटांची तार, देवापुढच्या निळ्या दिव्याची तार, सगळ्यांची एकच वेणी घातलेली. “मग हे कंपनीनं आंदण दिलं का?” एवढं बोलून तो कामाला लागणार.

चाळीस वर्षांत त्याने एकाही दिव्यावर टेप लावलेली नाही आणि ही गोष्ट तो दिवसातून चारदा सांगतो. “गाडी खोटं बोलत न्हाई, मालक बोलतो,” हेही सांगतो. ऐकणाऱ्याने तेव्हा मान हलवायची असते, नाहीतर काम संध्याकाळवर जातं. या कामात त्याच्याएवढा हुशार माणूस तालुक्यात नाही हे खरं आहे, फक्त ते तालुक्याच्याही आधी त्याला स्वतःला पटलेलं आहे.

शनिवारी सकाळी त्याच्या शेडसमोर सुरेखाची पांढरी गाडी येऊन उभी राहिली.

सुरेखा तिशीतली. सहा हंगाम ऊसतोडीला जाऊन आलेली. तिकडेच मुकादमाचा ट्रॅक्टर हाकायला शिकली, मग परत आल्यावर लायसन काढलं आणि ही आठ सीटची गाडी घेऊन वडवणीच्या सात पोरी रोज बीडला क्लासला नेऊ-आणू लागली. आधी गाव हसलं. मग गावाच्या लक्षात आलं, की पोरी बाईच्या गाडीत असल्या की घरच्यांना घोर राहत नाही. मग हसणाऱ्यांनीच आपापल्या पोरी आणून बसवल्या. ऊसतोड सुटली ती या सात पोरींवर. पोरी गेल्या की दिवाळीनंतर पुन्हा कोयता, हे तिला न सांगता ठाऊक होतं.

आणि पोरी जायला निघाल्या होत्या. झालं असं, की मंगळवारी सकाळी बीडच्या अलीकडे उसाचा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर सरळ आडवा आला. सुरेखाने ब्रेक दाबला, भोंगा दाबला. चाकं जाम झाली, गाडी फरफटत गेली आणि ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्राचा, पिवळा दिवा लागला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. अर्जुनरावांच्या दीपमालाचा डबा तेवढा सांडला. गाडी बंद करून पुन्हा चालू केली तर दिवा गेला. तोवर बातमी मात्र व्हॉट्सॲपवरून वडवणीला पोचली होती, आणि पोचेपर्यंत गाडीने दोन कोलांट्या खाल्ल्या होत्या.

अर्जुनराव हे दीपमालाचे वडील. पंचायत समितीला दोनदा उभे राहिले, दोनदा पडले, पण ‘भावी’ हा शब्द काही त्यांनी सोडला नाही. ही गाडी चार वर्षं त्यांचीच होती. सुरेखाने गेल्या वर्षी त्यांच्याकडूनच घेतलेली. त्यामुळे गाडीविषयी बोलायचा हक्क आपला आहे, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी पालकांच्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला. “माझ्याकडं चार वर्षांत एकदाबी हा दिवा लागला न्हाई. गाडीत दोष न्हाई, पायात दोष हाय. एबीएसला करंट ब्रेकच्या पेडलातून मिळतोय. बाईमाणूस घाबरून ब्रेकवर उभंच राहतंय, मग करंट जास्ती होतो अन यंत्र बंद पडतंय. रविवारी सकाळी बाजारतळावर बसू. सोमवारपासून पोरी हरिओमच्या गाडीत.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण अंगठे पटापट वर झाले. हरिओम हा फोन खांद्यात धरून, एका हाताने गाडी चालवणारा गडी. त्याच्या पायाची चौकशी आजवर कुणी केलेली नाही.

“चाचा, खरंच माझ्या पायानं होतंय का?” सुरेखाने विचारलं. “तेवढं सांगा. तसं असंल तर मी पोरी बसवणार न्हाई.”

चाचाने घड्याळ खिळ्याला अडकवलं. “एबीएसला जेवण कुठून मिळतं, ठाऊक हाय का तुला?”

“अर्जुनराव म्हणतेत पेडलातून.”

“त्याला म्हणावं पुढच्या खेपेला विधानसभेलाच उभा राहा. एवढं डोकं पंचायत समितीत वाया जातंय.” चाचाने बोनेट उघडलं आणि बोटाने दाखवत गेला. “ही बॅटरी. हिच्यापासून दोन जाड तारा निघत्यात, दोन मोठ्या फ्यूजातून येत्यात. एक एबीएसच्या मोटारीला, एक त्याच्या व्हॉल्व्हांना. तिसरी ही बारकी तार चावीवरून येती. ती जेवण देत न्हाई, नुसती उठवती, की ऊठ बाबा, गाडी चालू झाली. इंजिन चालू हाय तोवर अल्टरनेटर बॅटरी भरत राहतो. पेडलातून करंट न्हाई, नुसता निरोप जातो, ब्रेक दाबला म्हणून. तू पेडलावर नाचलीस तरी निरोप तेवढाच.”

सुरेखाच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. “मग बिघडलं काय?”

“तेच तर बघायलोय. तू जरा गप बस.”

फ्यूज दोन्ही शाबूत. बॅटरी साडेबारा व्होल्ट, इंजिन चालू केल्यावर चौदा. यंत्रापर्यंत चौदाच्या चौदा पोचत होते. चाचा एकेक तार मीटरवर धरून बघत गेला आणि सगळं बरोबर निघत गेलं, तसा त्याचा पारा चढत गेला. सगळं बरोबर असणारी गाडी त्याला आवडत नाही. तसल्या गाडीत काहीतरी लपलेलं असतं, असं त्याचं मत. शेवटी राहिली परतीची तार. जो करंट येतो तो माघारीही जावा लागतो. त्यासाठी एबीएसची जाड काळी तार एका बोल्टने गाडीच्या पत्र्याला आवळलेली असते. येणाऱ्या तारा सगळे बघतात. जाणारीकडे कुणी ढुंकून बघत नाही. चाचाने मीटर तिच्यावर धरला. शून्य, म्हणजे वाटेत काही अडकत नाही, तीही बरोबर.

“भोंगा दाब,” तो म्हणाला.

अर्जुनरावांच्या काळातला भोंगा होता तो, तीन सुरांचा, हवेच्या पंपावर चालणारा. सुरेखाने दाबला. बाजारतळावरची शेळ्या-कोकरं उधळली आणि मीटरवर शून्याचे तीन झाले. सोडला, शून्य. दाबला, तीन.

चाचाला कळलं. एबीएसची तार ज्या बोल्टवर, त्याच बोल्टवर भोंग्याची तार होती. बोल्ट गंजलेला. भोंगा एकटा वाजला की तिथे तीन व्होल्ट अडकत होते. त्यात वर ब्रेक दाबून एबीएसची मोटार चालू झाली की आणखी अडकत होते, यंत्राला पोटापुरतंही मिळत नव्हतं, आणि ते दिवा लावून झोपी जात होतं. मग उरला साधा ब्रेक, अन चाकं जाम. नुसता ब्रेक दाबला तर कसंबसं भागत होतं, नुसता भोंगा दाबला तरी भागत होतं. पण बीड जिल्ह्यात ब्रेक आणि भोंगा वेगवेगळे दाबतो कोण?

“कोण गाढवानं लावली ही तार इथं,” असं पुटपुटत चाचा आत वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. भोंग्याची तार बांधायला प्लास्टिकची पट्टी नव्हती. मेण लावलेला दोरा होता, दुहेरी, तीन वेढे, वर आडवी गाठ. तालुक्यात तशी गाठ एकच माणूस मारतो आणि नवशिक्यांना हिणवून दाखवतो.

त्याला सगळं आठवलं. पाच वर्षांपूर्वी अर्जुनरावांचा वाढदिवस, दारात ढोल, अर्जुनराव डोक्यावर उभे. “मिस्त्री, आवरा की, मिरवणूक निघायलीय.” भोंग्याला वेगळा बोल्ट मारायचा, रंग खरडून पत्रा उघडा करायचा, तर दहा मिनिटं लागली असती. समोर आयता बोल्ट दिसत होता. चाचाने तो सोडला, भोंग्याच्या तारेचं हलकं टोक खाली सारलं, वर एबीएसची तार ठेवली आणि आवळून टाकला. पाच पावसाळ्यांत ते टोक गंजलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांना ज्यावरून शिव्या घातल्या, तेच स्वतःच्या हाताने करून ठेवलेलं. त्याला लाज वाटली, आणि लाजेची सवय नसल्याने आधी राग आला.

“काय निघालं?” सुरेखाने विचारलं.

“बोल्ट.”

“कुणी लावलता?”

“जुनं काम हाय,” चाचा म्हणाला. खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं. मालक लोक बोलतात तसलंच होतं.

त्याने भोंग्याची तार काढून, तिचं गंजकं टोक बदलून तिला वेगळा बोल्ट मारला, एबीएसच्या बोल्टखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला, ग्रीस लावलं. भोंगा दाबून बघितला, मीटर शून्यावरून हलला नाही. “जा. झालं तुझं काम,” म्हणाला. सुरेखा पैसे द्यायला लागली तर तिच्यावर खेकसला. ती बिचारी समजली, चाचाचा मूड गेलाय.

दुपारी जेवताना घास काही उतरेना. सायराबीने, म्हणजे त्याच्या बायकोने, दोनदा भाकरी पुढे केली आणि तिसऱ्यांदा विचारलं. चाचाने सांगितलं. गाडी नीट झालीये, कुणाचं काही अडत नाही, उगीच चाळीस वर्षांचं नाव मातीत घालायचं कशाला, असंही सांगितलं. गावात ‘रहीमचं काम’ म्हटल्यावर लोक डोळे मिटून गाडी नेतात. ते एकदा गेलं की परत येत नाही.

“तुमच किये ना?” सायराबी म्हणाली. “तो तुमच बोलो.” आणि भांडी उचलून निघून गेली.

रविवारी बाजारतळावरच्या ओट्यावर पालक जमले. सुरेखा गाडीला टेकून उभी. हरिओम आपली गाडी धुऊन, हार घालून आलेला, जसं काही लग्न ठरलंय. अर्जुनरावांनी भाषण सुरू केलं. आपल्याला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही, पण पोरींचा जीव महत्त्वाचा, वगैरे. दोष गाडीचा नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

“तुमच्याकडं दिवा कावून लागला न्हाई, सांगू का?” सुरेखा म्हणाली. “त्याच्यावर काळी टेप होती. गाडी घेतल्यावर मी काढली.”

“ती ड्रायव्हरनं लावली आसंल,” अर्जुनराव म्हणाले आणि पोरींच्या जिवाकडे परत वळले.

तेवढ्यात चाचा शेडमधून उठून आला. हात पुसत ओट्यासमोर उभा राहिला. “बाईचा पाय चांगला हाय,” तो म्हणाला. “चूक माझी हाय. पाच वर्षांखाली भोंगा मीच बसवलता. एबीएसच्या बोल्टवरच मी भोंग्याची तार आवळली. ब्रेक अन भोंगा संगं दाबला की यंत्राचा करंट मरत होता. काल मी ते नीट केलं.”

चाचाने मान खाली घातली, आता काय ऐकावं लागतं म्हणून.

“वा, रहीमभाई,” अर्जुनराव भारावून म्हणाले. “याला म्हणतेत मोठं मन. एका गरीब बाईसाठी स्वतःवर आळ घेतला. बघा, शिका काहीतरी.” दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. “पण भावना येगळी अन जीव येगळा. पोरी सोमवारपासून हरिओमच्या गाडीत.”

चाळीस वर्षांत पहिल्यांदा चाचा आपण होऊन म्हणत होता की मी चुकलो, आणि कुणी ऐकायलाच तयार नव्हतं. रहीमचं काम चुकत नाही, बाईचा पाय चुकतो, हे गावाने ठरवून टाकलेलं. त्यात आता चाचाचं नाव आणखी वर गेलं आणि सुरेखा होती तिथेच राहिली. तिच्या चेहऱ्याकडे बघून मात्र त्याचं डोकं फिरलं.

तो शेडमध्ये गेला, डब्यातून कालचं गंजकं टोक काढून घेऊन आला, बोनेट उघडलं आणि सगळ्यांदेखत भोंग्याची तार पुन्हा जुन्या जागी आवळली. जशी होती तशी. मग चावी अर्जुनरावांच्या हातात दिली.

“बसा. तुमी गडीमाणूस हायत. पाय बी गड्याचाच आसंल.”

“म्या कशाला?”

“तुमचीच गाडी व्हती की. चार वर्षं दिवा लागला न्हाई. मुरमावर तीस-चाळीसनं न्या अन ओट्यापुढं ब्रेक मारा. भोंगा दाबायला विसरू नका, तुमच्या आवडीचा हाय.”

एवढे मतदार बघत असताना अर्जुनरावांना नाही म्हणता येईना. ते बसले. गाडी बाजारतळाच्या टोकाला गेली, वळून आली, अर्जुनरावांनी ब्रेक मारला, भोंगा दाबला. चाकं जाम होऊन गाडी मुरूम ओढत आली आणि ओट्यावरच्या मंडळींनी चपला सोडून मागे उड्या टाकल्या. गाडी ओट्याला टेकता टेकता थांबली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलेला. अर्जुनरावांचा चेहराही जवळपास त्याच रंगाचा झाला होता.

“पायात दोष हाय का बघा जरा,” चाचा म्हणाला.

त्याने तार पुन्हा नीट केली आणि अर्जुनरावांना पुन्हा बसवलं. उतरू दिलंच नाही. या खेपेला भोंगा वाजत असतानाही गाडी न फरफटता सरळ थांबली. दिवा नाही. पण अर्जुनराव काचेतून ओरडले, “अरे, पेडल थरथरायलंय पायाखाली. बिघडवलं न्हवं काहीतरी.”

“ते एबीएस हाय,” चाचा म्हणाला. “चार वर्षांत तुमची भेट झाली न्हाई त्याची.”

यावर मात्र लोक हसले, आणि हसल्यावर निकाल लागल्यातच जमा असतो. पोरी सुरेखाच्याच गाडीत राहतील असं ठरलं. मशीन म्हटल्यावर असं चालायचंच, असं अर्जुनरावांनी ठरावात घातलं. हरिओम हार काढून निघून गेला. सुरेखाला बोल लावला त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. ती रीत आपल्याकडे नाही.

मंडळी पांगल्यावर सुरेखा चावी घ्यायला चाचापाशी आली. चाचाने भोंग्याची तार आता मुळातूनच काढून टाकली होती. तिचे आभार ऐकायची त्याने तयारी केली होती, खोटं कशाला बोला.

“काल मी विचारलं, कुणी लावलता,” ती म्हणाली. “तुमी जुनं काम म्हणला. मी रातभर जागी हाय, चाचा. गाव माझ्याच पायाला बोल लावणार अन मला सांगाया कुणाचं नाव न्हाई, हेच डोक्यात. तुमाला ठाऊक व्हतं अन तुमी घरी जाऊन जेवला.”

जेवण उतरलं नव्हतं हे सांगायचं चाचाच्या ओठावर आलं. पण तो “माफ कर, सुरेखा,” एवढंच म्हणाला. तिने मान हलवली, चावी घेतली आणि गेली.

सोमवारी पोरी बीडला गेल्या. मंगळवारीही गेल्या. गावात चाचाचं नाव कमी झालं नाही. उलट, चूक कबूल करणारा एकमेव मिस्त्री म्हणून त्याच्याकडे दोन गाड्या जास्तच आल्या. पुढच्या महिन्यात सुरेखाच्या गाडीचा एक हेडलाइट गेला. ती शेडवरून गेली, थांबली नाही, बीडला दुसऱ्याकडे दाखवून आली. परत येताना दोन्ही हेडलाइट चालू होते आणि चाचाने ते बघितलं. त्याला लागलं, चांगलंच लागलं.

शेजारचा टायरवाला सुग्रीव म्हणाला, “बाईला जाण न्हाई बघा, चाचा. एवढं केलं तुमी तिच्यासाठी.”

“काय केलं बे तिच्यासाठी?” चाचा म्हणाला. “खरं बोललो, ते बी एक रात उशिरा.”